मदत हवी आहे: बीबीसीचे रविवारचे जुने रेडिओ कार्यक्रम

मंडळी, मला १९५० च्या दशकातला बीबीसी लाइट प्रोग्रॅमचा (बीबीसीचं हलक्याफुलक्या मनोरंजनाचं रेडिओ केंद्र) रविवार जमेल तेवढा ऐकायचाय. दुपारी बाराला फॅमिली फेव्हरिट्स, मग बिली कॉटनची ती 'वेकी वेकी' आरोळी आणि बँड, त्यानंतर कॉमेडी. फॅमिली फेव्हरिट्सवर माझा विशेष जीव आहे, लंडनला जीन मेटकाफ आणि हॅम्बुर्गला क्लिफ मिशेलमोर, जर्मनीतल्या ब्रिटिश सैनिकांच्या नि त्यांच्या घरच्यांच्या फर्माइशी लावायचे आणि या दोघांची ओळखच मुळात कार्यक्रमाच्या लंडन-हॅम्बुर्ग लाइनवरून झाली नि १९५० मध्ये लग्न केलं! कॉमेडीपैकी राउंड द हॉर्न मिळालं, पण ते १९६५ पासूनचं. फॅमिली फेव्हरिट्सचे निवेदनासकट पूर्ण भाग कुठे मिळतील? इंग्लंडमधल्या कुणाच्या ओळखीत जुन्या टेप्स असतील तर प्लीज कळवा, खरखर असली तरी चालेल.