माळवदाच्या सागवानी फळ्यांची भिंतीवर रचना करायची आहे. धुराचा काळेपणा ठेवावा का?

प्रश्न (औसा, जि. लातूर)
१९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात आमच्या आजोबांच्या सात खणांच्या माळवदाच्या भिंतींना तडे गेले होते. ते घर आम्ही यंदा उतरवले. तुळया विकल्या गेल्या, परंतु सागवानी फळ्या आणि हिरव्या तैलरंगाचे एक दार मी ठेवून घेतले आहे. त्यांतून नव्या घराच्या बैठकीसाठी पाच फूट बाय तीन फुटांची रचना करण्याचा विचार आहे. आजीच्या चुलीच्या धुराने फळ्यांची खालची बाजू काळीभोर झाली आहे. सुतार रंधा मारण्याचा आग्रह धरतात, मला मात्र तो काळेपणा घालवणे पटत नाही. काही फळ्यांना कडेने बारीक छिद्रेही आहेत. काय करावे?

उत्तर १ (उदगीर)
रंधा मुळीच मारू नये. चार-पाच दशकांचा धूर एकदा खरवडला की परत आणता येत नाही, आणि आत राहिलेल्या एखाद्या खिळ्यावर रंध्याचे पातेही तुटते. आधी सर्व खिळे उपटावेत, मऊ ब्रशने माती झाडावी आणि साबणाच्या पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्याने हलकेच पुसावे.

छिद्रांविषयी: सागाच्या गाभ्याला सहसा कीड लागत नाही, ती कडेच्या फिकट भागाला लागते. फळ्या काळ्या कागदावर दोन आठवडे ठेवाव्यात. ताजी पिवळसर भुकटी पडली तर कीड जिवंत आहे असे समजावे. अशा फळ्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूला आणि छिद्रांत टाकणखार व बोरिक ॲसिडचे पाण्यातील द्रावण द्यावे. हे तेलाआधीच करावे, कारण तेल लागलेल्या लाकडात ते मुरत नाही.

उत्तर २ (नांदेड)
वरील सल्ल्याशी सहमत आहे. चकचकीत लॅकरऐवजी जवसाच्या 'डबल बॉइल्ड' तेलाचा पातळ हात द्यावा, म्हणजे काळा रंग खुलतो. मात्र तेलाची फडकी गोळा करून ठेवू नयेत. ती आपोआप तापून पेट घेतात. ती पाण्यात बुडवावीत किंवा उघड्यावर पसरून वाळवावीत.

दाराला कोरडा पॉलिश पेपर घासू नका. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे २०१७ पासून कडक मर्यादा आली. जुन्या रंगाच्या धुळीत शिसे असू शकते आणि ते लहान मुलांना विशेष घातक असते.

उत्तर ३ (अंबाजोगाई)
वजनाचा विचार आधीच करावा. पाऊण इंच जाडीच्या सागाचे एवढ्या आकाराचे वजन सुमारे १७ किलो भरते. मागे १२ मिलिमीटरचा प्लाय लावल्यास एकूण २५ किलोंच्या पुढे जाते. त्यामुळे तारेवर न टांगता एक पट्टी लांबीत ४५ अंशांत तिरकी चिरावी, एक भाग भिंतीला आणि दुसरा रचनेला स्क्रूने बसवावा. दोन्ही एकमेकांत अडकतात. फळ्या पूर्ण पृष्ठभागावर गोंदाने चिकटवू नयेत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड रुंदीत आकसते आणि पावसाळ्यात फुगते. म्हणून मधोमध स्क्रू लावून फळ्यांमध्ये बारीक फट ठेवावी.

प्रश्नकर्ते (औसा)
मनःपूर्वक आभार. दार न घासता तसेच ठेवतो. फळ्या स्वयंपाकघरात होत्या त्याच क्रमाने लावीन. चुलीच्या अगदी वरची, सर्वांत काळी फळी मधोमध येईल.