फाडफाड इंग्लिशच्या नादात पैसे गेले, आता ऑनलाइन नेमकं काय धरावं? (मदत हवी आहे)

अंबाजोगाईकर

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा टाकायलोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मी मूळचा अंबाजोगाईकडचा, बारा वर्षं झाली वाळूजला एमआयडीसीत आहे, सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनच्या) लाईनवर क्वालिटीला. आत्तापर्यंत इंग्रजीवाचून कधी अडलं नाही, ड्रॉइंग वाचता येतं, मेल आला तर समजतो, उत्तर द्यायचं तर जुन्या मेलवरून कॉपी-पेस्ट. पण आमचे साहेब सोडून गेले अन् त्यांच्या जागी सध्या मलाच उभं करायलेत, पुढच्या महिन्यात कस्टमर ऑडिट आहे, बाहेरच्या देशातले दोघं येणार. मागच्या खेपेला त्यांनी एक साधा प्रश्न विचारला, पार्टवर हा बर (कापल्यावर कडेला राहिलेली धातूची खरखर) कशामुळं राहिला म्हणून. मला उत्तर माहीत होतं हो, टूल घासलेलं होतं अन् ऑपरेटरनं ठरलेल्या पार्टचा काउंट भरल्यावर बदललं नव्हतं, एवढंच सांगायचं होतं, पण "सर, टूल... टूल प्रॉब्लेम" याच्या पुढं तोंडातून काही निघंना. शेवटी एका ट्रेनी पोरानं सांगितलं. पोरगा चांगला आहे, त्याच्यावर राग नाही, पण ते व्हाय-व्हाय (असं का, मग ते का, करत शोधलेलं मूळ कारण) मी रात्री बसून काढलेलं होतं.

शिक्षण सगळं झेडपीच्या शाळेत, आमच्या टायमाला एबीसीडी पाचवीपासून. पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं तवर मी नववीत गेलो होतो. नंतर आयटीआय.

आता मुद्द्याचं. मोबाईलवर बघावं तिकडं इंग्लिशच इंग्लिश. एक चॅनेल म्हणतंय तीस दिवसात फाडफाड, दुसरं म्हणतंय ग्रामरची गरजच नाही, तिसरं म्हणतंय ग्रामर पक्कं केल्याशिवाय तोंड उघडू नका. एका ॲपला (नाव घेत नाही) ४,९९९ भरले, लाईव्ह क्लास म्हणून. लाईव्ह म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेला व्हिडिओ अन् खाली चारशे जण "गुड इव्हिनिंग मॅम" टाकायलेत. दुसऱ्या एका ॲपवर हिरे जमा होतात, माझी सलग ऐंशी दिवसांची साखळी झाली, त्यात मी "मुलगी सफरचंद खाते" हे इंग्रजीत शंभरदा म्हणालो असेल. आमच्या लाईनवर ना मुलगी ना सफरचंद.

रोज कंपनीच्या बसमध्ये जाऊन-येऊन दीड तास मिळतो, नेट दिवसाला दीड जीबी. अमुक ॲप घ्या असं सांगू नका, ते सगळेच सांगतात. बघून ओळखायचं कसं, की हे आपल्या कामाचं आहे का नुसता टाइमपास आहे, एवढं कुणी सांगा.

लातूरचा_पाव्हणा

सफरचंद 😂😂 भाऊ माझी साखळी दोनशे दिवसांची होती, लग्नाच्या दिवशी तुटली.

खडू_फळा

अंबाजोगाईकर भाऊ, मी झेडपीवर इंग्रजी शिकवतो, परभणी जिल्ह्यात, एकोणीस वर्षं झाली. तुमचा प्रश्न योग्य आहे, ॲपचं नाव विचारलं असतं तर मी उत्तरच दिलं नसतं.

कुठलंही चॅनेल, ॲप बघताना मी सगळ्यात आधी एक चाचणी लावतो. आपल्याकडच्या बऱ्याच व्हिडिओत एक फॉर्म्युला असतो, तुम्ही पाहिला असेलच, वाक्याच्या शेवटी "त आहे" आलं की इज-ॲम-आर लावा अन् क्रियापदाला आयएनजी लावा. मी जात आहे, आय ॲम गोइंग. बरोबर वाटतं. आता त्याच फॉर्म्युल्यात "मला माहीत आहे" टाकून बघा. शेवटी "त आहे" आहे का? आहे. मग काय होईल, आय ॲम नोइंग, पाहिजे आय नो. माझ्या वर्गात दरवर्षी एक तरी पोरगं हे लिहितं, अन् चूक त्याची नसते, फॉर्म्युल्याची असते. दुसरी गंमत, आपण मराठवाड्यात "मी जात आहे" म्हणतो का कधी? आपण म्हणतो मी जायलो, ती करायली. म्हणजे फॉर्म्युला चालवायला आधी आपल्याच बोलण्याचं पुस्तकी मराठी करा, मग त्याचं इंग्रजी करा, तवर ऑडिटर जेवायला गेलेला असतो. तुम्ही त्या दिवशी अडकलात ते यानंच, शब्द येत नव्हते म्हणून नव्हे. तेव्हा जो मास्तर वाक्याचं शेपूट बघून इंग्रजी करायला शिकवतो त्याला पाहिल्या पाहिल्या सोडायचं.

दुसरं बघायचं ते उच्चार. पडद्यावर इंग्रजी शब्दाखाली मराठीत उच्चार लिहून देतात, सुरुवातीला सोपं जातं पण आयुष्यभराची चूक बसते. बुधवारला "वेनस्डे" लिहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय, तो वेन्झडे आहे. मराठीत लिहिलं तसं वाचतो, इंग्रजीत तसं नाही, शिवाय कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा ते आपल्या लिपीत दाखवताच येत नाही. शंका आली तर केम्ब्रिजची डिक्शनरी ऑनलाइन फुकट आहे, प्रत्येक शब्दापुढं स्पीकरची दोन बटणं, एक ब्रिटिश एक अमेरिकन. बऱ्याच शब्दांपुढं ए-टू, बी-वन असंही लिहिलेलं असतं, ती त्या शब्दाची पातळी. या पातळ्या युरोपात ठरल्या, ए-वन ते सी-टू अशा सहा, २००१ पासून जगभर तेच माप चालतं. ज्या कोर्सवर पातळीच लिहिलेली नाही, "सर्वांसाठी" लिहिलंय, तो कुणासाठीच नसतो.

तिसरं, तासाभरात तुमचं तोंड किती मिनिटं उघडलं हे मोजा. बाकी कोर्स कुणी बनवला, सर्टिफिकेट मिळतं का, किती लाख सबस्क्राइबर, यात फार शिरू नका.

गोदाकाठ

मास्तरांशी सहमत, फक्त एक भर घालते. मी पुण्यात सहा वर्षं कॉल सेंटरला होते, आता नांदेडला घरूनच काम करते. दादा, तुमच्याकडे येणारे जर्मनीचे, जपानचे असतील तर त्यांचंही इंग्रजी शिकलेलंच असतं, तेही मनात जुळवूनच बोलतात. त्यामुळे ॲक्सेंट शिकवणाऱ्या कोर्सला एक रुपया देऊ नका. त्यापेक्षा "कुड यू रिपीट दॅट, प्लीज?" आणि "लेट मी शो यू ऑन द पार्ट" ही दोन वाक्यं झोपेत सुद्धा आली पाहिजेत. दुसऱ्या वाक्यावर मी अख्खी सहा वर्षं काढली, माझ्याकडे पार्ट नव्हता, स्क्रीन होती, एवढाच फरक.

ऐकायला म्हणाल तर बीबीसी लर्निंग इंग्लिश. १९४३ पासून हेच करतात ते, पैसे नाहीत. त्यांचा सहा मिनिटांचा कार्यक्रम आहे, बोललेलं सगळं खाली लिहून पण मिळतं. आधी नुसतं ऐका, मग वाचत ऐका. घरी वायफाय असेल तर डाऊनलोड करून बसमध्ये ऐका, नेट जात नाही.

उच्चाराची फुकट परीक्षा हवी असेल तर मोबाईलच्या कीबोर्डवरचा माइक दाबा, भाषा इंग्रजी करा आणि बोला, काय टाइप होतं ते बघा. पण वाक्य बोललं तर तो अंदाजाने सुधारून घेतो, एकेक शब्द बोलायचा. आणि "इन्स्पेक्शन शीट" म्हणताना शी लांबवा हं, आखूड झाली की भलताच अर्थ होतो, मी अख्ख्या मीटिंगला हसताना पाहिलंय 🙈

नांदेडी_बाणा

सगळे फुकटच्या मागं लागलेत पण फुकटचं माणूस करत नाही हे पण खरं. मी एका बाईंकडं ऑनलाइन शिकलो, एकास एक, आठवड्यातून दोनदा अर्धा तास, पैसे जायलेत म्हणून तरी बसायचो, अन् त्या मध्येच थांबवून चूक सांगायच्या. चारशे जणांत तुमची चूक कोण बघणार? पैसे भरायचेच असतील तर एकच विचारा, माझी चूक कोण दुरुस्त करणार, माणूस का मशीन अन् कधी. आधी एक डेमो मागा, रेकॉर्डिंग नाही, माणसाशी बोलणं. देत नसतील तर नमस्कार.

अन् भाऊ, त्या ४,९९९ वाल्याचं ऑटोपे चालू नाही ना? यूपीआय ॲपमध्ये जाऊन बघा, ॲप मोबाईलमधून काढलं तरी पैसे कटत राहतात, मँडेट (आपण दिलेली पैसे कापायची परवानगी) वेगळं रद्द करावं लागतं.

लातूरचा_पाव्हणा

एआयशी बोला की सरळ. मी बोलतो रोज.

खडू_फळा

बोला, सरावाला वाईट नाही. पण तो लई गोड आहे, तुम्ही काहीही म्हणा, आधी वाहवा करतो. त्याला पहिल्यांदाच सांगायचं, प्रत्येक वाक्यातली चूक आधी सांग, मग पुढं बोल. अन् तो सांगेल तेवढं डोळे झाकून घेऊ नका, डिक्शनरी उघडी ठेवा.

अंबाजोगाईकर

दहा दिवस गायब होतो, थर्ड शिफ्ट होती. सगळ्यांचे आभार, आता काय झालं ते सांगतो.

मास्तर, मी चाचणी लावली. सेव्ह केलेल्या अकरा चॅनेलपैकी सात जण "त आहे" वाले निघाले, डिलीट. ४,९९९ वाल्यात पण पहिल्याच व्हिडिओत तेच होतं, भरायच्या आधी माहीत पाहिजे होतं.

ताई, ते सहा मिनिटांचं मला जड गेलं, दोघं बोलताना हसतात अन् मला हसू कशाचं आलं तेच कळंना. मग ब्रिटिश कौन्सिलच्या साइटवर पातळीची फुकट टेस्ट दिली, ए-टू आली. जरा लाजल्यासारखं झालं, पण मग त्याच पातळीचं ऐकायला घेतलं अन् कळायलंय की. नेटवर शोधता शोधता व्हीओएचं (व्हॉइस ऑफ अमेरिका) पण सापडलं, १९५९ साली रेडिओवर सुरू झालेलं, दीड हजाराच्या आसपास शब्दांतच सगळं सांगायचे अन् वाचायचे सावकाश. जुने भागच इतके पडलेत की माझ्या बसला पुरून उरतील.

अन् एक माझ्याच डोक्यातून केलं. मागच्या सहा महिन्यांचे रिजेक्शन काढले, बर, ओव्हरसाइज, थ्रेड खराब, डेंट, असे आठच प्रकार आहेत. एकेकावर चार-चार वाक्यं लिहून मोबाईलमध्ये रेकॉर्ड करायलोय. पोरगी चौथीला आहे, सेमी इंग्लिश, तिनं ऐकून सांगितलं "पप्पा तुम्ही सगळीकडं द लावायलेत". मास्तर, एवढी तीन बघता का:

द ऑपरेटर डिड नॉट चेंज्ड द टूल. द टूल वॉज वोर्न. वी हॅव ॲडेड अ काउंटर ऑन द मशीन सिन्स लास्ट मंथ.

खडू_फळा

पोरीला शाबासकी द्या, पण या तीन वाक्यांत तिचा आक्षेप लागू नाही, "द" बरोबर जागी आहेत, कुठलं टूल ते समोरच्याला माहीत आहे. पहिल्यात डिड आलं की चेंज्डचं चेंज होतं, भूतकाळ डिडनं आधीच घेतला. दुसरं एकदम बरोबर. तिसऱ्यात नुसतं वी ॲडेड अ काउंटर लास्ट मंथ, सिन्स काढा, हॅव काढा, काम गेल्या महिन्यात करून झालं. अन् काउंटर मशीनवर बसवलाय तर तो हातानं दाखवा, ताई म्हणल्या तसं.

नांदेडी_बाणा

ऑटोपेचं काय झालं ते नाही सांगितलं?

अंबाजोगाईकर

बघितलं भाऊ. एक नाही, दोन निघाले. दुसरं त्या हिऱ्यावाल्याचं होतं.