'गावंढळ'ला दुसरा शब्द सुचवा, लवकर!

खिडकीपाशी (धागाकर्ती)
मंडळी, तातडीची मदत हवी आहे. 'गावंढळ'ला पर्यायी शब्द सुचवा. असंस्कृत, असभ्य, अशिष्ट नको, ते मलाही कोशात सापडतात. रानटी तर अजिबात नको. उद्या सकाळी मजकूर द्यायचाय. आगाऊ धन्यवाद.

टिंबटिंब
रानटी.

खिडकीपाशी
अहो, धागा वाचा तरी!

बोरूबहाद्दर
नाम हवंय की विशेषण? लेखात की संवादात? कोण कुणाला म्हणतंय? एवढं कळल्याशिवाय शब्द कसा द्यायचा, ताई?

खिडकीपाशी
संवादात. एक बाई एका माणसाबद्दल म्हणते. बाकी नेहमीचंच.

उडाणटप्पू_७
आडदांड, धटिंगण, दांडगट, धसमुसळा, राकट, रांगडा, आडमुठा, उर्मट, मवाली. घ्या, नऊ झाले. तुमच्या 'आगाऊ धन्यवाद'मधला 'आगाऊ' धरला तर दहा.

बोरूबहाद्दर
टप्पूशेठ, यातले निम्मे अंगकाठीचे शब्द आहेत. आडदांड माणूस अतिशय सभ्य असू शकतो. धसमुसळ्याच्या हातून कप फुटतो, पण त्याला वाईट वाटतं. आडमुठा ऐकत नाही, एवढाच त्याचा गुन्हा. उर्मट माणसाला रीत कळते आणि तो मुद्दाम मोडतो, गावंढळाला ती कळतच नाही. एका पोत्यात कोंबू नका सगळ्यांना.

शेतावरून
मुळात 'गावंढळ' हा शब्दच का हवाय? खेड्यातल्या माणसाला रीत नसते हे ठरवलं कुणी? गावंढळ, गावठी, खेडवळ, सगळ्या शिव्या आमच्याच नावाने. अंड्याला गावठी म्हटलं की भाव वाढतो, माणसाला म्हटलं की उतरतो. हा कुठला न्याय?

जुनाटपोथी
शेतावरून, ही खोड फार जुनी आहे. संस्कृत काव्यशास्त्रात 'ग्राम्य' हा काव्याचा दोष मानलाय, मम्मटाने काव्यप्रकाशात तो दोषांच्या यादीत दिला आहे. 'नागर' म्हणजे नगरातला, म्हणून सुसंस्कृत. आणि 'सभ्य' म्हणजे सभेत बसण्याजोगा. शब्द घडवणारे बहुधा शहरात राहत होते, दुसरं काय.

उडाणटप्पू_७
आला तास सुरू. हजेरी लावतो आणि मागच्या बाकावर झोपतो.

कमलपत्र
'अडाणी' चालेल की. सोपा, सगळ्यांना कळणारा.

सावली_मोठी
कमलपत्र, कृपा करून नको. अडाणी म्हणजे न शिकलेला. माझी आजी अंगठा उठवायची, पण फोन वाजला की आधी पदर सावरायची आणि मगच उचलायची. समोरच्याला दिसत नाही असं सांगितलं तर म्हणायची, "मला दिसतं ना." तिला अडाणी म्हणा, असंस्कृत म्हणून बघा!

कमलपत्र
आजींना नमस्कार. शब्द मागे घेतला.

काना_मात्रा
कुणीतरी वर 'गांवढळ' लिहिलं होतं, आता बदललेलं दिसतंय. १९६२च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, म्हणून 'गांव'चं 'गाव' झालं. पण 'गावंढळ'मधला अनुस्वार उच्चारला जातो, तो राहतो. लोक नको तिथला ठेवतात आणि हवा तिथला खातात.

खिडकीपाशी
शुद्धलेखन विचारलं नव्हतं. शब्द!!

पाटावरवंटा
आमच्याकडे अशा माणसांना सरळ ×××× म्हणतात.
(जातिवाचक शब्द काढला आहे. पुन्हा आल्यास प्रतिसाद उडवला जाईल. – संपादक)

मी_शांत
अशा माणसांशी वाद घालू नये. दहा आकडे मोजावेत आणि उठून जावं. मला खूप फायदा झाला.

बोरूबहाद्दर
ताई, तो माणूस करतो काय ते सांगा. गावातला आहे का? शिकलेला आहे का? बाई कोण?

खिडकीपाशी
सांगितलं नाही का मी? इंग्रजी कथेचं भाषांतर आहे. मूळ शब्द 'बूर'. माणूस शहरातला, पैसेवाला, परदेशात शिकलेला. तोंड उघडं ठेवून चावतो, दुसऱ्याच्या ताटात बोट बुडवून चाखतो आणि तेच बोट टेबलावरच्या कापडाला पुसतो. बोलणारी त्याची आत्या, सत्तरीची. म्हणून तर गावंढळ बसत नाही. तो कधी गावाला गेलेलाच नाही!

जुनाटपोथी
हे आधी सांगायचं ना, बाई! गंमत म्हणजे 'बूर'ही डच शेतकऱ्यावरूनच आलाय. १८९९ ते १९०२ च्या युद्धातले दक्षिण आफ्रिकेतले बोअर, तोच हा शब्द. शेतावरून, तिकडेही तुमचीच गत.

शेतावरून
ऐकून बरं वाटलं, असं म्हणू का?

उडाणटप्पू_७
मग रांगडा. पैसेवाला रांगडा.

शेतावरून
रांगडा ही आता शिवी राहिलेली नाही. पैलवानाला म्हणा, छाती फुगवेल. गड्याला राकट म्हटलं तरी तेच.

जुनाटपोथी
माळव्यातल्या एका बोलीचं नावही रांगडी...

खिडकीपाशी
काका, प्लीज.

तळटीप
हुच्च.

बोरूबहाद्दर
वा! हा खरा. पैसा आहे, शिक्षण आहे, पोच नाही, आणि वर त्याचंच प्रदर्शन. 'हुच्चपणा' याच अर्थाने वापरतात.

कमलपत्र
मी हा शब्द आयुष्यात ऐकलेला नाही. वाचकाला छपाईची चूक वाटेल.

जुनाटपोथी
कन्नडमध्ये 'हुच्च' म्हणजे वेडा. मराठीत येऊन अर्थ सरकला.

सावली_मोठी
शब्द चांगला, पण सत्तरीची आत्या भाच्याबद्दल असा एक शब्द टाकून गप्प बसेल? आपल्या बायका विशेषणं लावत नाहीत, वाक्यात घेतात. माझी आजी म्हणायची, "चार माणसांत बसवायच्या लायकीचा नाही." अडाणी नाही, रानटी नाही, काही नाही. विषय संपला.

जुनाटपोथी
म्हणजे सभेत बसण्याजोगा नाही. अ-सभ्य! तुमच्या आजींनी व्युत्पत्तीच सांगितली.

खिडकीपाशी
थांबा थांबा. "परदेशात शिकून आला, पण चार माणसांत बसवायच्या लायकीचा नाही मेला." आत्याच बोलली! हेच ठेवतेय. निवेदनात पुढे एकदा 'हुच्चपणा' घालते, कमलपत्र रागावले तरी चालेल. सावलीताई, आजींना माझा नमस्कार.

कमलपत्र
रागावलो नाही. कोश उघडून बघितला. आहे.

काना_मात्रा
'माणसांत'वरचा अनुस्वार तेवढा विसरू नका.

टिंबटिंब
रानटी का नको, हे अजून कुणी सांगितलं नाही.