मदत हवी आहे: इव्हेंटच्या इंटर्नशिपमध्ये साइटवरचे तास धरत नाहीत (पुणे)

नमस्कार मंडळी,

मी एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. या सत्रात ऑन जॉब ट्रेनिंग आहे, ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. वर्गातल्या बहुतेक मुली सीएकडे चिकटल्या. मला दिवसभर जीएसटीच्या नोंदी करायच्या नव्हत्या, म्हणून कर्वेनगरमधल्या एका इव्हेंटवाल्यांकडे गेले. छोटं ऑफिस, पाच-सहा माणसं. स्टायपेंड नाही हे आधीच ठरलं होतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

पहिले दोन आठवडे एक्सेल आणि व्हेंडरना फोन. मग साइट सुरू झाल्या. डीपी रोडच्या लॉन्सवर दोन लग्नं, एक डीलर मीट, एका सोसायटीचा गाण्यांचा कार्यक्रम. सकाळचा कार्यक्रम असला की मांडणी आदल्या रात्री, कारण आधीच्या लग्नाच्या पंगती उठल्याशिवाय लॉन ताब्यात मिळत नाही. ट्रस (लाइट टांगायचा धातूचा सांगाडा) उभा राहीपर्यंत रात्रीचा एक वाजतो. हॉस्टेलचं गेट दहाला बंद, त्यामुळे अशा रात्री मावशीकडे सिंहगड रोडला जाते.

काम आवडतं, खोटं कशाला बोलू. डीलर मीटला समई, वाती, तेल, काडेपेटी, शाली, श्रीफळ सगळं माझ्याकडे होतं. पाहुणे ज्योत लावतात आणि ती विझते, असं तीनदा झालं. कोणाच्या लक्षात येईना. शेवटी मी वाकून स्टेजमागचा पेडेस्टल फॅन बंद केला.

आता अडचण. माझ्या डायरीप्रमाणे १३१ तास झालेत. ऑफिसचे सर, म्हणजे मालक, म्हणतात ७४. "साइट म्हणजे अनुभव, तास ऑफिसचेच." शाली, फुलं आणि रिक्षा मिळून माझे ३,८४० रुपये गेलेत, तर म्हणे बिलं दे. मंडईतल्या फुलवाल्या मावशींकडे कुठलं बिल मागू?

त्यात सोसायटीचा कार्यक्रम. रन शीट, म्हणजे काय किती वाजता याचा तक्ता, मी केली होती, ७ ला सुरू, ९:४० ला शेवट. सरांनी मधे आठ सत्कार घातले, "पाच मिनिटांत होतात" म्हणून. प्रमुख पाहुणे चाळीस मिनिटं उशिरा आले. दहाच्या ठोक्याला लॉनच्या मॅनेजरने साउंड बंद करायला लावला, शेवटची दोन गाणी राहिली. क्लायंटने पैसे कापले आणि सरांनी ग्रुपवर लिहिलं की इंटर्नने टाइमिंग नीट काढलं नव्हतं.

पंधरा दिवसांत रिपोर्ट द्यायचाय. राहिलेले ४६ तास मुकाट्याने करू, की कॉलेजला सांगू? सांगितलं आणि त्यांनी प्रमाणपत्रच अडवलं तर?

प्रतिसाद १
आधी कंपनीने कॉलेजला दिलेलं स्वीकृतीपत्र काढून वाच. त्यात नुसतं "१२० तास" असेल तर "ऑफिसचे" हा शब्द सरांनी पदरचा घातलाय. मग एका कागदावर तारीख, जागा, आल्याची वेळ, गेल्याची वेळ आणि काम लिही. व्हॉट्सॲपवर "पोचलीस का?" असे मेसेज असतील, तेच पुरावे. हा कागद आधी कॉलेजच्या गाइडला दाखव, सरांना नंतर. भांडायला जाऊ नकोस, "सही कुठे घ्यायची?" असं विचारायला जा.

प्रतिसाद २
साउंडवाला आहे, बावीस वर्षं हेच करतोय. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम. बारापर्यंतची सूट सरकार वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस देतं, ते दिवस गणपती-नवरात्रासारख्या सणांसाठी असतात. मॅनेजर बरोबर होता.
रन शीट ७ पासून पुढे लिहायची नाही, १० पासून मागे लिहायची. आणि पाच मिनिटांत आठ सत्कार? नाव पुकारा, माणूस तिसऱ्या रांगेतून उठणार, चप्पल काढणार, शाल, नारळ, मग फोटोग्राफर म्हणणार "सर, इकडे बघा". एकाला दोन मिनिटं धर. कोणी मधे काही घुसवलं की नवीन शीट ग्रुपवर टाकायची आणि लिहायचं, "आता शेवट १०:०५, काय कापू?" उत्तर आलं नाही तरी वेळ नोंदली जाते.

प्रतिसाद ३
एवढं काय त्यात. आम्ही पण फुकट सतरंज्या उचलल्यात. शिक आणि पुढे हो.

प्रतिसाद ४
सतरंज्या मीही उचलल्यात, पण रात्री एकला घरी कसं जायचं हे कोणीतरी बघायचं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात बाईला रात्री ९:३० नंतर कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि घराच्या दारापर्यंत सोडायची जबाबदारी मालकाची. तुमच्याकडे पाच-सहाच माणसं आहेत, एवढ्या छोट्या ऑफिसला तो कायदा दाखवता येणार नाही, पण गाडी मागता येते. माग. मावशी जवळ राहते हे तुझं नशीब, त्यांची व्यवस्था नाही.
आणि हे माहीत असू दे: लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थीही येतात. छोट्या ऑफिसात समिती नसते, तेव्हा तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. तुला गरज न पडो.
पैशांचं म्हणशील तर साधं व्हाउचर लिही: तारीख, वस्तू, रक्कम, सही. फुलांना कोणीच बिल देत नाही, हे तुझ्या सरांनाही माहितीये.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. कागद केला आणि जरा ओशाळले. १३१ मध्ये मी येण्याजाण्याचे तासही धरले होते. ते वगळून ११८ भरले. गाइड मॅडमनी पत्र वाचलं, त्यात ऑफिसचा उल्लेख नाही. त्यांनी सरांना फोन केला, दहा मिनिटं बोलल्या, मला बाहेर बसवून. ११८ वर सही मिळाली. व्हाउचरवर ३,२०० मिळाले, रिक्षाचे नाही. ग्रुपवरचा तो मेसेज तसाच आहे, मीही काढा म्हणाले नाही. खाली माझी मूळ रन शीट टाकली, एवढंच.

दोन तास राहिलेत. रविवारी कोथरूडला एक उद्घाटन आहे, दुपारचं. सरांचा मेसेज आला, समई तूच आण.