तारा बदलण्याआधी जोडणी तपासावी

डबल बास या मोठ्या, खर्जातल्या तंतुवाद्याच्या घोडीत (तारा पेलणाऱ्या लाकडी पट्टीत) बसवलेल्या पिझो पिकअपमधून (कंपनांचे विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या तुकड्यातून) आवाज पातळ आणि नाकात बोलल्यासारखा येतो, या तक्रारीवर तारा बदलण्याचा सल्ला दिला गेला आहे. मला तो घाईचा वाटतो. अशा पिकअपला पुढच्या यंत्राचा इनपुट इम्पीडन्स (येणाऱ्या संकेताला होणारा विद्युत अवरोध) किमान १ मेगओहम, शक्यतो १० मेगओहम लागतो, आणि तो थेट मिक्सरच्या साध्या लाइन इनपुटला जोडला तर सर्वांत आधी खर्जच गळतो. मोकळ्या ई तारेचा स्वर जेमतेम ४१ हर्ट्झचा असल्याने हा फटका तिथे लगेच जाणवतो. मध्ये योग्य प्रीअँप (मिक्सरच्या आधी संकेत सावरणारा छोटा वर्धक) घातल्यास बहुतेक वेळा काम भागते. फीडबॅक (स्पीकरचा आवाज पुन्हा पिकअपमध्ये शिरून होणारा घुमारा) सुरू झालाच तर आवाज कमी करण्यापूर्वी प्रीअँपवरचे फेज, म्हणजे ध्वनिलहरीची दिशा, उलटवणारे बटण दाबून पाहावे.

तरीही तारा बदलायच्याच असतील, तर स्पायरोकोरसारख्या पोलादी तारांचा नाद बोटांनी छेडताना छान लांबतो, पण गजाखाली त्या जरा खरखरतात, हे लक्षात घ्यावे. शिवाय एका वेळी एकच तार काढावी. मी एकदा उत्साहात चारही सैल केल्या, तेव्हा केवळ दाबावर उभा असलेला आतला साउंडपोस्ट (वाद्याच्या पोटातला लाकडी दांडा) ‘टक्’ असा आवाज करून आडवा झाला.