९९५०एक्ससाठी एक्स८७०ई बोर्ड घ्यायलाच हवा का?

रेंडरवाला_ठाणे
नवीन पीसी जुळवतोय, एएमडीचा रायझन ९ ९९५०एक्स प्रोसेसर घेऊन ठेवलाय, काम मुख्यतः ब्लेंडर (थ्रीडी) आणि दाविंची रिझॉल्व्ह (व्हिडिओ एडिटिंग), गेमिंग कधीतरीच. मदरबोर्डावर गाडी अडलीय. लॅमिंग्टन रोडचा दुकानदार म्हणतो १६ कोर आहेत तर एक्स८७०ईच घ्या, म्हणजे वरच्या चिपसेटचा बोर्ड, पन्नास हजारांच्या पुढचा, नाहीतर व्हीआरएम (बोर्डावरचा प्रोसेसरला वीज देणारा भाग) तापेल. मित्र म्हणतो त्याच्या खालचा, स्वस्त बी८५० बास झाला. रॅमच्या ३२ जीबीच्या चार स्टिक टाकणार आहे आणि पुढेमागे दुसरं ग्राफिक्स कार्डपण. काय करू?

फेज_मोजू_नका
व्हीआरएमचं टेन्शन सोड. स्टॉक सेटिंगला हा प्रोसेसर २३० वॅटच्या वर जात नाही, तेवढं बरा हीटसिंक असलेला बी८५० झेपवतो, फक्त अगदी तळातला घेऊ नको. खरी गडबड तुझ्या चार स्टिकची आहे, दोन स्टिकला एएमडी ५६०० चा स्पीड देते आणि चारला थेट ३६००, एक्सपो (रॅम जास्त वेगाने चालवायचं बायोसमधलं सेटिंग) लावून जास्त चालला तर नशीब तुझं, आणि हे प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरचं दुखणं आहे, महाग बोर्डाने फारसं हटत नाही. ४८ च्या दोन घे. १२८ लागतातच तर ६४ च्या दोन बघ.

लेन_बघा_आधी
वरचं बरोबर, पण दुसरं कार्ड खरंच टाकणार असशील तर चित्र बदलतं. प्रोसेसरकडे कामाच्या पीसीआयई लेन (कार्ड-एसएसडीकडे डेटा नेणाऱ्या वाटा) २४, त्यात १६ कार्डला, ४ पहिल्या एम.२ ला (एसएसडीचा स्लॉट), उरल्या ४, त्या एक्स८७०ई वर बहुतेकदा यूएसबी४ खातो. एक्स८७०ई वर दोन चिपसेट (बाकीचे पोर्ट सांभाळणाऱ्या बोर्डावरच्या चिप) आहेत म्हणून दुकानदार मिरवतो पण ते दोन्ही मिळून प्रोसेसरला जोडलेत पीसीआयई ४.० च्या फक्त चार लेननी, त्यामुळे चिपसेटला जोडलेल्या सगळ्या एसएसडी एकाच बोळातून जातात. काही बोर्डांत दुसऱ्या जेन५ एम.२ मध्ये एसएसडी टाकली की कार्डचा स्लॉट एक्स१६ चा एक्स८ होतो, म्हणजे १६ च्या ८ लेन उरतात, बॉक्सवर हे कुणी मोठ्या अक्षरात छापत नाही. दोन कार्डांसाठी एक्स८/एक्स८, म्हणजे प्रोसेसरकडून दोन्ही स्लॉटना आठ-आठ लेन, असलेलं बरं, ते नसलेले महागडे बोर्डपण ढिगाने आहेत.

रेंडरवाला_ठाणे
बापरे. मग दोन १६ जीबीची कार्डं टाकली तर ३२ जीबीचा सीन बसेल ना?

लेन_बघा_आधी
नाही रे, सायकल्समध्ये (ब्लेंडरचं रेंडर इंजिन) प्रत्येक कार्डात अख्खा सीन भरला जातो, मेमरीची बेरीज होत नाही. वेग वाढेल फक्त. मोठे सीन असतील तर एकच जास्त मेमरीचं कार्ड घे, मग बी८५० पण पुरे.

फेज_मोजू_नका
+१. आणि बायोस फ्लॅशबॅकचं बटण (पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट करायचं) आहे का बघ, पुढे सॉकेटवर नवा प्रोसेसर टाकताना कामाला येतं. पहिल्यांदा चालू केल्यावर मेमरी ट्रेनिंगला (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो तेव्हा) काही मिनिटं स्क्रीन काळीच राहील, घाबरून पॉवर काढू नकोस.

रेंडरवाला_ठाणे
एक्स८/एक्स८ ओळखायचं कसं पण? दुकानदाराला विचारलं तर तो दोन लांब स्लॉट दाखवतो.

लेन_बघा_आधी
स्लॉटच्या लांबीवर जाऊ नको. कंपनीच्या साइटवरून मॅन्युअलची पीडीएफ काढ, एक्सपान्शन स्लॉटच्या तक्त्यात दुसरा स्लॉट प्रोसेसरखाली लिहिलाय की चिपसेटखाली ते बघ. चिपसेटखाली असेल तर लांब कितीही असो, आत जास्तीत जास्त चारच लेन.