'प्रोटेस्ट म्युझिक'ला मराठीत काय म्हणायचं?

चिलीचा गायक व्हिक्तोर हारा याच्यावरच्या लेखाचं भाषांतर करते आहे. १९७३च्या लष्करी उठावानंतर त्याला स्टेडियममध्ये डांबून मारलं. आज त्या स्टेडियमला त्याचंच नाव आहे. मी 'निषेध संगीत' लिहिलंय, पण वाचताना दंडावरच्या काळ्या फितीच दिसतात. दुसरा शब्द आहे का?

> 'संगीत' आधी काढा, मैफल वाटते. 'गाणी' म्हणा. आणि निषेध आपण 'नोंदवतो', ठराव झाला की संपला. शिवाय 'विधिनिषेधा'तला निषेध म्हणजे मनाई. निषेधगीत म्हणजे सरकारनं निषिद्ध ठरवलेलं गाणं, असंही कुणी वाचेल. (बऱ्याचदा ते खरंही असतं म्हणा!)

> विद्रोही गाणी?

> जपून. मराठीत 'विद्रोही' म्हटलं की जातिव्यवस्थेविरुद्धचं बंड आणि दलित साहित्य आठवतं. हाराला तो शब्द लावला तर वाचक भलतीकडेच जाईल. 'क्रांतिगीता'त उद्याचा विजय गृहीत धरलेला असतो, तोही इथे नको.

> मग जलसा, पोवाडा? १९४४च्या लाल बावटा कलापथकात अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर दुसरं काय करत होते?

> ती प्रकारांची नावं झाली. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा उचलून जलसा उभा केला खरा, पण आज 'जलसा' म्हटलं की लोकांना मौजमजा वाटते. माझं मत 'प्रतिकारगीत'. दक्षिण आफ्रिकेतला वुयिसिले मिनी कामगार संघटक होता आणि गाणीही रचायचा. तिथल्या वर्णद्वेषी राजवटीचा पंतप्रधान फेरवूर्ट याला नाव घेऊन 'सांभाळ' म्हणून बजावणारं त्याचं गाणं ऐका, चाल चक्क नाचरी आहे. १९६४मध्ये त्याला फाशी दिलं. गातच फासाकडे गेला, असं सांगतात. एस्टोनियात १९८८ साली सोव्हिएत सत्तेविरुद्ध लोक टॅलिनच्या गीतमहोत्सवाच्या मैदानावर रात्र रात्र गात होते, त्या लढ्याचं नावच 'गाती क्रांती' पडलं. तिथे गाणं प्रतिकाराची बातमी देत नव्हतं, गाणं हाच प्रतिकार होता. निषेधाला एवढा अर्थ पेलत नाही.

> पटलं, पण मोर्चात 'प्रतिकारगीत म्हणा' असं कुणी म्हणत नाही हो. तिथे डफावर थाप पडते आणि मागून आवाज येतो, 'चळवळीतलं एखादं होऊन जाऊ दे!' चळवळीची गाणी. इतका वापरातला शब्द असताना नवा कशाला घडवायचा?

> चळवळ नसतानाही अशी गाणी होतात. एकट्या कैद्यानं कोठडीत रचलेलं गाणं कुठल्या चळवळीचं?

> हा मुद्दा मान्य. तरी हारासाठी 'चळवळीची गाणी' चपखल बसतं, त्याच्यामागे चळवळ होतीच.

मूळ प्रश्नकर्ती: त्या चळवळीचं स्पॅनिश नाव 'नवं गाणं' असंच आहे, ते तसंच ठेवते. मजकुरात 'चळवळीची गाणी', मथळ्यात 'प्रतिकारगीतं'. की 'गीते'?

> बाकी लेख 'केलं-गेलं' असा असेल तर 'गीतं'च.